पाळीच्या तारखा आणि मैदानावरचा सराव: मेळ कसा घालायचा

पाळीच्या दिवसांप्रमाणे सराव ठरवून देणारं चार रंगांचं एक वर्तुळ मोबाइलवर फिरत असतं. पाळीचे पाच दिवस लाल, तेव्हा आराम. पुढचा आठवडा हिरवा, तेव्हा जड वजनं. चौदाव्या दिवसाच्या आसपास पिवळा, तेव्हा सगळ्यात जोरात पळा. उरलेले दिवस निळे, तेव्हा चालणं आणि योगासनं. दिसायला सोपं असल्यामुळे ते नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्या मुलींपासून त्यांच्या सरांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचतं. पण या वर्तुळाप्रमाणे चाललं तर महिन्यातले जेमतेम दहा-बारा दिवस कसून सराव होतो. आणि जिचं चक्र ३४ दिवसांचं आहे, तिच्या शरीरात चौदाव्या दिवशी वर्तुळात लिहिल्यासारखं काहीच घडत नसतं.

पाळीचा सरावाशी संबंध आहे. तो मोजता येतो, त्याचा उपयोगही करून घेता येतो. मात्र त्यासाठी लागते ती स्वतःची तीन महिन्यांची नोंद. आणि ज्या मुलीची पाळी सरावाच्या काळात थांबली आहे, तिला तर कुठला रंग कुठल्या दिवसाला यापेक्षा फार महत्त्वाचा प्रश्न सोडवायचा असतो. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

महिनाभर शरीरात काय चालतं

नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या संध्याकाळी नुसता डाग दिसला तर तो धरायचा नाही. तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. मोठ्या वयात २१ ते ३५ दिवसांचं चक्र नेहमीचं मानतात. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं ते ४५ दिवसांपर्यंतही जातं. २८ हा फक्त सोयीचा आकडा आहे.

चक्राच्या पहिल्या भागात अंडाशयात स्त्रीबीज पिकत असतं आणि इस्ट्रोजेन वाढत जातं. मग एलएच नावाच्या संप्रेरकाची एकदम उसळी येते आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. दुसऱ्या भागात प्रोजेस्टेरॉनचा जोर असतो. बीज सुटल्यावर आठवडाभराने ते सर्वांत जास्त असतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरकं खाली येतात आणि पाळी येते.

यातला दुसरा भाग बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचा असतो आणि तो फारसा हलत नाही. लांबतो किंवा आखडतो तो पहिला भाग. म्हणून बीज सुटण्याचा दिवस मागून मोजायचा: चक्राची लांबी वजा १४. चक्र २४ दिवसांचं असेल तर दहावा दिवस, २८ चं असेल तर चौदावा, ३४ चं असेल तर विसावा. हाही अंदाजच. बहुतेक मोबाइल अ‍ॅप आधीच्या तारखांची सरासरी काढून हेच गणित करतात, त्यामुळे अ‍ॅपने दाखवलेला दिवस हा मोजलेला दिवस नसतो. खरंच माहीत करून घ्यायचं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी ओव्ह्युलेशनची पट्टी वापरावी. अंदाजे दिवसाच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज एकदा लघवी तपासायची. पट्टीवरची दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्यापेक्षा गडद झाली की एलएचची उसळी आली असं समजायचं.

दुसऱ्या भागात शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेलं असतं. विश्रांतीच्या वेळचे नाडीचे ठोकेही अनेकींमध्ये मिनिटाला दोन ते चारने वाढतात. मनगटावर घड्याळ बांधून पळणाऱ्या मुलींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. महिन्याचे ठरावीक बारा दिवस घड्याळ 'रिकव्हरी कमी' असं सांगत राहतं आणि मुलगी घाबरून सराव हलका करते. त्या दिवसांत ठोक्यांपेक्षा वेग आणि श्वास पाहावा. सोप्या धावेत सलग वाक्य बोलता येत असेल तर धाव सोपीच आहे, घड्याळ काहीही म्हणो.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो. त्यात शरीर आधीच थोडं गरम असेल तर लांब धाव अंगावर येते. त्या आठवड्यात लांब धाव सकाळी सातच्या आत संपवावी. धावेआधी आणि नंतर कोरड्या, कमीत कमी कपड्यांत वजन करावं. जितके किलो कमी झाले, जवळपास तितके लिटर पाणी घामातून गेलं, अधिक वाटेत जे प्यायलं ते. दोन-तीनदा असं मोजलं की तासाला आपल्याला किती लागतं ते कळतं. दीड तासापेक्षा लांब धावेत नुसतं पाणी ढोसू नये. ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू घातलेलं पाणी घ्यावं.

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांचे पेटके येतात ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. ती गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात. तीच आतड्यांवरही काम करतात, म्हणून त्या दिवसांत काहींना जुलाब होतात. सकाळी ग्राउंडवर जायच्या आधी तीनदा संडासला जावं लागणं हा काही खाण्यातला दोषच असेल असं नाही.

कामगिरी खरंच कमी होते का

२०२० मध्ये ७८ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित कमी दिसते, असं त्यातून निघालं. हा फरक इतका लहान होता, आणि बऱ्याच अभ्यासांचा दर्जा इतका कमी होता, की सगळ्यांना एकच नियम लावू नका, प्रत्येकीचं वेगळं पाहा, असंच संशोधकांनी सुचवलं. ताकदीच्या व्यायामाबद्दल २०२३ मध्ये झालेल्या आढाव्यातही 'अमुक दिवसांत वजन उचललं तर स्नायू जास्त वाढतात' याला भक्कम आधार सापडला नाही. २००२ मध्ये शिकागो मॅरेथॉन २ तास १७ मिनिटे १८ सेकंदांत पळून ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ यांनी जागतिक विक्रम केला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात त्यांच्या पोटात पाळीचे पेटके येत होते.

पण सरासरी लहान आहे म्हणजे कुणालाच काही होत नाही, असा अर्थ काढू नये. दहा जणींतल्या सात जणींना फरक जाणवत नसेल आणि तिघी पहिल्या दिवशी उभ्याही राहू शकत नसतील, तरी सरासरी लहानच येईल. त्या तिघींपैकी आपण आहोत का, हे नोंदीशिवाय कळत नाही.

वही कशी ठेवायची

साधी दोनशे पानी वही पुरते. रोज रात्री एक ओळ, दोन मिनिटांचं काम. तारीख, चक्राचा कितवा दिवस, रक्तस्राव (नाही, थोडा, मध्यम, जास्त), दुखणं शून्य ते दहा, झोपेचे तास, सरावात काय केलं, आणि सराव किती जड गेला ते शून्य ते दहा. शेवटी एक मोकळा रकाना: पोट बिघडलं, छाती दुखली, चिडचिड झाली, परीक्षेचं टेन्शन, घरी पाहुणे. हा रकाना गाळू नका. पाळीच्या आदल्या आठवड्यातला थकवा कधीकधी निव्वळ रात्री एक वाजता झोपण्याचा असतो, आणि तो फक्त इथे सापडतो.

याखेरीज आठवड्यातून एकदा एक ठरलेली छोटी चाचणी करावी, म्हणजे नुसत्या वाटण्यावर भिस्त राहत नाही. नेहमीच्या वॉर्मअपनंतर उभ्या जागेवरून पुढे तीन लांब उड्या मारून त्यातली सर्वांत लांब उडी टेपने मोजा, किंवा ठरलेल्या एकाच वेगाने ८०० मीटर पळून ती किती जड गेली ते लिहा. दिवस, वेळ, बूट, जागा तीच ठेवा. पंचवटीतल्या स्टेडियमच्या ट्रॅकवरचा आकडा आणि गोदाकाठच्या रस्त्यावरचा आकडा एका रांगेत मांडता येत नाही.

तीन चक्रं झाली की वही आडवी धरून वाचा. एखादी गोष्ट तीनपैकी निदान दोन चक्रांत जवळपास त्याच दिवसांत आली असेल, तरच तिला आपला नमुना म्हणायचं. एकदाच आलेल्या गोष्टीवरून सराव बदलू नये. पुष्कळजणींना तीन महिन्यांनंतर कळतं की त्यांचा असा काही नमुनाच नाही. तीही कामाचीच माहिती, कारण मग पाळीसाठी वेळापत्रक हलवायची गरज उरत नाही.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हे सगळं वेगळं. गोळी स्वतःच्या संप्रेरकांचा चढउतार दाबून टाकते. गोळी बंद केलेल्या दिवसांत येणारा रक्तस्राव हा औषध थांबल्यामुळे येतो. तिथे चक्राचे भाग शोधत बसू नये, लक्षणं तेवढी लिहावीत.

वेळापत्रक कसं हलवायचं

समजा एका धावपटूचा आठवडा असा आहे: सोमवारी ४० मिनिटं सोपी धाव, मंगळवारी ४०० मीटरचे सहा रिपीट आणि मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती, बुधवारी ताकदीचे व्यायाम, गुरुवारी सोपी धाव, शुक्रवारी २० मिनिटं टेम्पो (म्हणजे जोरात, पण न थांबता टिकवता येईल अशा वेगाची धाव), शनिवारी पुन्हा ताकद, रविवारी लांब धाव. वहीनुसार तिचा पाळीचा पहिला दिवस दर वेळी वाईट जातो आणि या वेळी तो मंगळवारी आला आहे.

मंगळवारचे रिपीट रद्द करायचे नाहीत, गुरुवारवर न्यायचे. मंगळवारी आणि बुधवारी सोपी धाव किंवा चालणं. शुक्रवारी सोपी धाव. शनिवारी ताकद, या आठवड्यात एकदाच. शुक्रवारचा टेम्पो वेगळा न करता रविवारच्या लांब धावेतली शेवटची १५ मिनिटं टेम्पोच्या वेगाने. दोन जड दिवस पाठोपाठ आले नाहीत आणि आठवड्यातलं मुख्य काम जवळपास सगळं झालं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे हुकलेला सराव 'भरून काढण्यासाठी' गुरुवारी रिपीट आणि शुक्रवारी टेम्पो असं लागोपाठ करणं. पोटरी आणि नडगी दुखायला लागते ती अशाच आठवड्यांत.

सकाळी उठल्या उठल्या निर्णय घेऊ नये. आधी दहा मिनिटं हळू पळावं, मग ६० ते ८० मीटरच्या चार हलक्या वेगवान धावा. दुखणं कमी झालं तर ठरलेला सराव पूर्ण करायचा. तेवढंच राहिलं तर रिपीट निम्मे करायचे, वेग तोच. वाढलं, चक्कर आली किंवा दहापैकी सहाच्या वर गेलं तर त्या दिवशी सोपं काहीतरी करून घरी. पुष्कळदा पहिली शक्यताच खरी ठरते. आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांमध्ये पाळीच्या वेदना कमी होतात, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तीन आठवडे चढता सराव आणि चौथा हलका, ही पद्धत बहुतेक प्रशिक्षक वापरतातच. ज्या मुलीला पाळीच्या आधीचे तीन-चार दिवस आणि पहिले एक-दोन दिवस खरोखर जड जातात, तिचा हलका आठवडा तिथे बसवावा. पळण्याचं एकूण अंतर ३० ते ४० टक्क्यांनी कमी करायचं, वेग मात्र तसाच ठेवायचा. चक्र ३५ दिवसांचं असेल तर चार आठवडे सलग चढ ठेवू नये. मध्ये एक हलका आठवडा घालावा, भले तो पाळीशी जुळो न जुळो. हाडं आणि स्नायू कॅलेंडर बघून थकत नाहीत.

गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीबद्दल पुष्कळ बोललं जातं. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा जास्त होते हे खरं, पण ती चक्राच्या अमुकच दिवसांत होते असं ठामपणे सांगता येत नाही. खो-खो आणि कबड्डीच्या मुलींनी उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम हे १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, वर्षभर करावं. त्याला तारीख नाही.

पाळी थांबली तर

'बरं झालं, कटकट गेली.' ग्राउंडवर हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि काही ठिकाणी पाळी जाणं हे कष्टाचं बक्षीस मानलं जातं. ही समजूत नुकसान करणारी आहे. जास्त पळण्यानेच पाळी जाते असं नाही. पळण्यावर खर्च झालेली ऊर्जा ताटातून परत मिळाली नाही की जाते. शरीर मग वाचवावाचवी सुरू करतं. प्रजननाचं काम बंद, हाडांच्या डागडुजीत कपात, थायरॉइडची गती मंद. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि हाडं भरण्याचं वय हेच असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं.

हिशेब घरी करता येतो. समजा मुलीचं वजन ४८ किलो आणि शरीरात चरबी २० टक्के. म्हणजे चरबी सोडून वजन ३८.४ किलो. ती दिवसभरात १,७०० कॅलरी खाते आणि सरावात ६०० खर्च करते. उरल्या १,१००. त्याला ३८.४ ने भागलं की किलोमागे साधारण २९. हा आकडा ३० च्या खाली जाणं धोक्याचं मानतात, ४५ च्या आसपास असणं चांगलं. ४५ गाठायला तिला सुमारे २,३३० कॅलरी हव्यात, म्हणजे रोज ६३० जास्त. हे काही डोंगराएवढं नाही. एक बाजरीची भाकरी, एक वाटी मटकीची उसळ, एक पेला दूध आणि शेंगदाण्याच्या चिक्कीच्या दोन वड्या एवढ्यात जवळपास भागतं. पण तिला जेवणाच्या वेळी भूकच लागत नसते, कारण कसून सराव केल्यावर भूक काही वेळ मरते. म्हणून भुकेवर न सोडता घड्याळावर खायचं: सरावाआधी केळं किंवा दोन-चार खजूर, सराव संपल्यावर अर्ध्या तासात दूध आणि चिक्की, आणि मग व्यवस्थित जेवण.

उपवासांचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. २००३ मधल्या एका प्रयोगात निरोगी तरुण स्त्रियांची ऊर्जा फक्त पाच दिवस ३० च्या खाली ठेवली, तेवढ्यात एलएच स्रवण्याची लय बिघडली. नवरात्र नऊ दिवसांचं असतं. श्रद्धेने उपवास करणाऱ्या मुलीला तो सोड म्हणणं हे प्रशिक्षकाचं काम नाही. तिच्या ताटाकडे लक्ष देणं हे मात्र त्याचंच काम. राजगिऱ्याची भाकरी किंवा लाडू, शेंगदाण्याची आमटी, वरी, रताळं, दूध, दही, केळी हे दिवसातून चार-पाचदा खाल्लं तर उपवास आणि ऊर्जा दोन्ही सांभाळता येतात. एका वेळचं खाऊन किंवा निर्जळी राहून रिपीट मारणं मात्र टाळायलाच हवं. त्या नऊ दिवसांत हलका आठवडा घेतला तर सगळ्यांत बरं. वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांनी ते चालणंही सरावातच धरावं.

पाळीच्या आधी पाणी साठून वजन किलोभर वाढलेलं दिसतं, ते पाळी सुरू झाल्यावर उतरतं. ते पाहून भाकरी कमी करू नका. वजन करायचंच तर चक्राच्या एकाच दिवशी, महिन्यातून एकदा.

सलग ९० दिवस पाळी आली नाही, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. आधी गर्भधारणेची चाचणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर संप्रेरकांच्या तपासण्या होतात. पीसीओएस या अंडाशयाच्या संप्रेरक-विकारामुळेही पाळी लांबते, म्हणून कारण न शोधता 'धावण्यामुळेच' असं म्हणून मोकळं होऊ नये. डॉक्टरांना आठवड्याला किती किलोमीटर पळता, वजन किती कमी झालं हे स्वतःहून सांगा, आणि वही दाखवा. पाळी 'आणण्यासाठी' नुसत्या गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव दिसतो, घरचे निश्चिंत होतात, पण खाण्यातली तूट तशीच राहते आणि हाडांची झीज थांबत नाही. पाळी गेलेली असताना नडगीच्या हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, विशेषतः रात्री पडल्यावरही, तर त्या दिवसापासून पळणं बंद. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो बहुतेकदा दिसत नाही.

लोह

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे 'पाळीत दम लागतो' असं सांगणाऱ्या मुलीची आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन ही तपासणी करावी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असतो, आणि दम त्यानेही लागतो. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा ते तपासू नये.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर जास्त. हे मोजता येत नाही, पण तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील किंवा सात दिवसांच्या वर जात असेल, तर जास्तच समजायचं आणि दाखवायचं.

बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात हा समज सोडून द्यावा, त्यांत लोह फार थोडं असतं. बाजरी, मटकी, हरभरे, अळीव, पालेभाज्या, आणि खात असाल तर मांस-कलेजी हे खरे स्रोत. मटकीला मोड आणले आणि वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा त्याच्या उलट काम करतो, तो जेवणापासून तासभर तरी दूर ठेवा. कसून सराव झाल्यावर तीन ते सहा तासांनी शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि लोह आत घ्यायची वाट अडवतं. म्हणून सकाळचा सराव संपताच, अर्ध्या तासात, लोहाची गोळी किंवा लोहयुक्त नाश्ता घ्यावा. गोळी एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं असंही दिसलं आहे. किती घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गोळ्या आणि डोपिंग

मेफेनामिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच अडवतात. दुखणं टिपेला पोचल्यावर घेण्यापेक्षा ते सुरू होताच, काही खाऊन, घेतली तर जास्त काम करतात. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उन्हातल्या लांब धावेच्या आधीही नको, कारण पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर ताण येतो. ही औषधं खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या यादीत नाहीत.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी आपल्याकडे पूजा, लग्न, यात्रेसाठी घरोघरी माहीत असते, आणि स्पर्धेसाठीही मागितली जाते. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मैत्रिणीकडून घेऊन गिळण्याची ती गोष्ट नाही. रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास, यकृताचा आजार किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते. पोट फुगणं, छाती जड होणं, मध्येच डाग पडणं असे त्रास होतात, म्हणून पहिल्यांदा घ्यायची ती स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे. दोन महिने आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा घेऊन पाहायची. ती बंदीच्या यादीत नाही, पण शरीरात तिच्यापासून बनणारा एक पदार्थ नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या चाचणीत शोधला जाणाराच असतो. डोपिंग चाचणीच्या फॉर्मवर तिचं नाव न विसरता लिहावं.

पीसीओएसच्या उपचारांत मात्र जास्त सावध राहायला हवं. स्पायरोनोलॅक्टोन, क्लोमिफेन आणि लेट्रोझोल ही तिन्ही बंदी असलेली औषधं आहेत, मेटफॉर्मिन नाही. सूज उतरवणारी लघवीची गोळीही बंदीच्या यादीत येते. चिठ्ठी लिहून घेतानाच 'मी स्पर्धांमध्ये उतरते' हे वाक्य डॉक्टरांना सांगायचं.

प्रशिक्षकांसाठी

नाशिक जिल्ह्याला लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींची परंपरा आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये ब्राँझपदक मिळवलं, आणि त्यानंतर आदिवासी पाड्यांवरून आलेल्या कितीतरी मुली मैदानावर दिसू लागल्या. त्यांचे बहुतेक प्रशिक्षक पुरुष आहेत. मुलगी 'सर, पोट दुखतंय' एवढंच म्हणते आणि गैरहजर राहते.

तोंडाने काही न विचारता काम होतं. हजेरीच्या वेळी प्रत्येक मुलीने एक अक्षर सांगायचं: अ म्हणजे ठरलेला सराव, ब म्हणजे निम्मा, क म्हणजे सोपा. कारण विचारायचं नाही. पाळी, ताप, झोप, काहीही असू शकतं. वही मुलीची, ती दाखवायची की नाही हे तिने ठरवायचं. तारखांचा तक्ता भिंतीवर लावणं किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं चुकीचं आहे. मात्र पाळी तीन महिने आलेली नसेल तर ते कुणाला सांगायचं, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा. एखादी ताई, सीनियर खेळाडू किंवा शाळेतल्या मॅडम. आणि ग्राउंडवर दार लागणारी, पाणी असलेली, कचऱ्याचा डबा असलेली एक बाथरूम हवी. ती नसेल तर वरचं सगळं अपुरं.

परीक्षेचा दिवस

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना १०० मीटर, ८०० मीटर आणि गोळाफेक असते, आणि तारीख आपल्या हातात नसते. म्हणूनच पाळीच्या दिवसांत कायम सुट्टी घेण्याची सवय महागात पडते. तयारीच्या काळात निदान दोनदा, पाळीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, झेपेल तेव्हा, पूर्ण ८०० मीटर वेळ लावून पळा. त्याच दिवशी पॅड, आतली शॉर्ट्स, गोळी, नाश्ता सगळं तेच ठेवा जे परीक्षेला असेल. मांडीच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावलं आणि अंगाला घट्ट बसणारी गडद सायकलिंग शॉर्ट्स पॅडवर घातली की घासत नाही आणि पॅड सरकत नाही. पॅडऐवजी पाळीचा कप वापरायचा असेल तर तो आधीच्या दोन-तीन पाळ्यांत, सुट्टीच्या दिवशी, घरी शिकून घ्या. प्रत्येक पाळीच्या आधी पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळायचा आणि बारा तासांच्या आत रिकामा करायचा.

भरतीच्या ठिकाणी पहाटेपासून रांगेत बसावं लागतं आणि नंबर कधी येईल सांगता येत नाही. पिशवीत तीन-चार पॅड, एक जादा अंतर्वस्त्र, जादा गडद पँट, वापरलेलं गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं, हात पुसायला ओला रुमाल, पाणी, केळी आणि चिक्की. दर चार-सहा तासांनी पॅड बदला, डाग नसला तरी. रांगेत बसून अंग थंड पडतं आणि पेटके वाढतात, म्हणून जॅकेट शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. आपल्या गटाच्या आधीचे दोन गट राहिले की वॉर्मअप सुरू करा.